रगडा कुठवर, छळ कुठून?

ऑगस्ट 2023 च्या सुरुवातीला ठाण्यातल्या जोशी-बेडेकर महाविद्यालयाच्या आवारातली एक चित्रफीत राज्यभर फिरली. पाऊस पडतो आहे, जमिनीवर चिखलाचे पाणी साचले आहे आणि त्या पाण्यात एनसीसीचे काही कॅडेट डोके जमिनीला टेकवून ओणवे झाले आहेत. मागून एक जण काठी घेऊन फिरतो आणि एकेकाच्या कंबरेखाली सपासप मारतो. वर्गाच्या खिडकीतून दुसऱ्याच कुणा विद्यार्थ्याने हे टिपले होते. मारणारा लष्करी अधिकारी नव्हता, शिक्षकही नव्हता. तो वरच्या वर्गातला कॅडेट होता. महाविद्यालयाने त्याच्यावर निलंबनाची कारवाई केली आणि असा प्रकार आपल्या प्रशिक्षणात बसत नाही, असे एनसीसीलाही जाहीरपणे सांगावे लागले.

त्यानंतरच्या चर्चेत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, हा सरळसरळ गुन्हा आहे. दुसऱ्या तटाचे म्हणणे, फौजेत जायचे तर एवढे सोसलेच पाहिजे, आमच्या वेळी याहून जास्त व्हायचे. दुसरा सूर ठाणे जिल्ह्यात नवा नाही. भिवंडी तालुक्यात वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली हा सगळा गोदामांचा पट्टा. दिवसभर कंटेनर आणि ट्रकची वर्दळ, हमाली, पॅकिंग, सुपरवायझरची नोकरी. या चाकोरीबाहेर पडायचे म्हणून वर्दीकडे बघणाऱ्या मुलामुलींना घरूनच बजावलेले असते की उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, मारेल, शिव्या देईल, तोंडातून ब्र काढायचा नाही.

सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी अर्धवट आहे. कठोर शिस्त सोसणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे. मार खाणे हा नाही, आणि कायदाही तसेच सांगतो. भरतीच्या वाटेवरच्या मुलाला आणि त्याच्या पालकांना या दोहोंतला फरक आधीच ठाऊक असेल, तर मुलगा उगाच घाबरून पळून येत नाही आणि खरोखर अन्याय झाला तर गप्पही बसत नाही.

जे कडक आहे, पण रास्त आहे

ठाणे जिल्ह्यातला मुलगा अग्निवीर म्हणून निवडला गेला, की त्याची रवानगी एखाद्या प्रशिक्षण केंद्रात होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे आणि मेकनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. नौदलाचे अग्निवीर ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे जातात. अधिकारी व्हायचे असेल तर बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए.

यांतल्या कुठल्याही ठिकाणी पहिले काही आठवडे घरच्या माणसाला क्रूरच वाटतील असे असतात. केस बारीक कापले जातात. मोबाइल जमा होतो किंवा ठरावीक वेळीच मिळतो. उजाडण्याआधी पीटी, मग ड्रिल, मग वर्ग, मध्येच कपडे बदलायला जेमतेम काही मिनिटे. बॅरक झाडायची, संडास घासायचे, मैदानावरचे गवत काढायचे. याला तिथे ‘फटिक’ म्हणतात. एकाने चूक केली की अख्ख्या स्क्वॉडला मैदानाची फेरी. पाठीवर पिठ्ठू लादून धावायचे. उस्तादाचा आवाज चढलेला असतो आणि बोलणे गोड नसते.

यात अन्याय नाही. झोप कमी, वेळ कमी, थकवा जास्त अशा अवस्थेतही हुकूम नीट ऐकून तो पार पाडण्याची सवय लावणे, हाच या दिनक्रमाचा हेतू असतो. सीमेवर किंवा जहाजावर शेजारच्याच्या चुकीची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागते, म्हणून सामूहिक फेरीलाही अर्थ आहे. एनडीएच्या माजी कॅडेटांच्या आठवणींत शिक्षेची ‘सिंहगड हाइक’ हमखास येते. ते सांगताना बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू असते, कारण त्या शिक्षेत दमछाक होती, अपमान नव्हता. चाचणीत नापास झालेल्या कॅडेटला सहा महिने मागे ठेवतात, याला ‘रेलिगेशन’ म्हणतात. ते कितीही जिव्हारी लागले तरी तो छळ नव्हे.

मुलाचा पहिला फोन येईल तेव्हा तो रडवेला असण्याचीच शक्यता अधिक. पालकांनी लगेच ‘परत ये’ म्हणू नये आणि ‘सगळ्यांना होतं’ म्हणून फोनही ठेवू नये. नेमके काय झाले, कुणी केले, किती वेळ चालले आणि सगळ्यांना केले की एकट्यालाच, एवढे शांतपणे विचारावे.

पाच प्रश्न

एखादी वागणूक शिस्तीत बसते की छळात, हे ठरवायला पाच प्रश्न पुरतात.

पहिला: यातून काय शिकवले जात आहे? चुकलेली सलामी वीस वेळा करून घेणे हा सराव आहे. चुकलेल्याच्या कानशिलात देण्यातून सलामी सुधारत नाही.

दुसरा: हे करणाऱ्याला तसा अधिकार आहे का? ठाण्याच्या घटनेत हीच मेख होती. आधी भरती झालेला, वरच्या तुकडीतला किंवा गावचा ‘दादा’ असल्याने कुणाला शिक्षा देण्याचा हक्क मिळत नाही. उस्ताद चुकलेला सराव पुन्हा करून घेऊ शकतो. पण कायद्यातल्या शिक्षा देण्याचे अधिकार कमांडिंग ऑफिसर आणि नियमाने ठरवलेल्या अधिकाऱ्यांकडेच असतात.

तिसरा: हे उजेडात, मैदानावर चालले आहे की रात्री बॅरकमध्ये, दार लावून? खरे प्रशिक्षण वेळापत्रकात असते, वरचा अधिकारी अचानक आला तरी ते थांबवावे लागत नाही.

चौथा: याला मर्यादा आहे का? किती फेऱ्या, किती वेळ, कोणत्या उन्हात, पाणी कधी आणि मुलगा कोसळला तर जवळ कोण आहे, याची उत्तरे ठरलेली असतील तर तो व्यायाम आहे. समोरच्याचा राग शांत होईपर्यंत जे चालू राहते, तो व्यायाम नाही.

पाचवा: निशाण्यावर कोण आहे, चूक की माणूस? जात, धर्म, भाषा, रंग, गावाचे नाव, आईबहीण यांवरून बोलले जात असेल किंवा एकच मुलगा रोज बाजूला काढला जात असेल, तर तिथे शिस्तीचा संबंध संपला.

पाचांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर डळमळीत असेल तर थोडी वाट पाहावी. दोन-तीन उत्तरे उलटी आली तर वाट पाहू नये. आणि काही गोष्टींना प्रश्नच लागत नाहीत. काठी, पट्टा, बूट, थप्पड, कपडे उतरवायला लावणे, अन्न, पाणी किंवा औषध अडवणे, आजारी असताना धावायला लावणे, लैंगिक स्वरूपाची कोणतीही ‘गंमत’, पैसे उकळणे. यांना ‘परंपरा’ म्हटल्याने त्या रास्त होत नाहीत.

हेतू चांगला असूनही

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात पॅरिस आयलंड हे मरीन कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे. 8 एप्रिल 1956 च्या रात्री मॅथ्यू मॅकीऑन नावाच्या ड्रिल प्रशिक्षकाने आपल्या प्लाटूनला शिस्त लावायची म्हणून भरती-ओहोटीच्या खाडीत उतरवले. तो स्वतः पुढे चालत होता. अंधारात घोळका खोल पाण्यात गेला आणि सहा रिक्रूट बुडून मेले. कोर्ट मार्शलमध्ये त्याला निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल आणि ड्यूटीवर मद्य घेतल्याबद्दल दोषी धरले गेले. मुलांना मारण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे कुणीच नाकारले नाही. तरीही प्रशिक्षकांवर देखरेख कशी ठेवायची, याचे नियम मरीन कोअरला त्यानंतर बदलावे लागले. रिबन क्रीक या नावाने ही घटना ओळखली जाते.

इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या डीपकट बराकीत 1995 ते 2002 या काळात चार तरुण प्रशिक्षणार्थी गोळी लागून मृत्युमुखी पडले. निकोलस ब्लेक यांच्या 2006 च्या अहवालाने दाखवून दिलेली एक मोठी उणीव अशी, की वरिष्ठांच्या साखळीबाहेर तक्रार नेण्याची विश्वासार्ह सोय प्रशिक्षणार्थींना नव्हती. ब्रिटिश सैन्यात तक्रारींसाठी स्वतंत्र आयुक्ताचे पद निर्माण झाले ते या प्रकरणानंतर.

खाडीत मुले उतरताना त्या रात्री कुणी मर्यादा आखलेली नव्हती, आणि डीपकटमध्ये तक्रारीला दारच नव्हते.

शरीराची लाल रेघ

आपल्याकडे याची सर्वांत कडू आठवण जून 2014 ची. मुंबई पोलिस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार कोसळले आणि दगावले. पुढे भरतीतले अंतर कमी झाले. आज महाराष्ट्र पोलिस भरतीत पुरुषांसाठी 1600 मीटर आणि महिलांसाठी 800 मीटर धाव आहे.

कोकणपट्टीत धोका वेगळा असतो. भिवंडी-ठाण्याच्या दमट हवेत घाम येतो, पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. त्यामुळे पारा फार चढलेला नसतानाही उष्माघात होऊ शकतो. नव्या हवेत कष्टाचा व्यायाम पेलायला शरीराला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. शहाणा प्रशिक्षक या दिवसांत भार हळूहळू वाढवतो. पहिल्याच दिवशी ‘बघू किती दम आहे’ म्हणून दुपारी बारा वाजता पळवणारा प्रशिक्षक कडक नसतो, अडाणी असतो.

उष्माघाताची ठळक खूण म्हणजे वागण्यातला बदल. मुलगा बरळतो, दिशा चुकतो, चिडतो, पाय लटपटतात. त्याला ‘नाटक करतो’ म्हणून लाथाडणे जीवघेणे ठरते. अशा वेळी आधी अंग थंड करायचे आणि मग हलवायचे: सावलीत आणून जादा कपडे काढायचे, भरपूर गार पाणी अंगावर ओतत राहायचे, जमल्यास बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, वारा घालायचा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही.

दुसरा धोका बैठका आणि दंड यांच्या शिक्षेतला. सवय नसताना एकाच दिवशी शेकडो बैठका मारायला लावल्या तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातले द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसते. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. शिक्षेनंतर एक-दोन दिवसांत मांड्या दगडासारख्या कडक होणे, वेदना असह्य होणे आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे, या तीन खुणा दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वेळ घालवला तर डायलिसिसची पाळी येऊ शकते.

पाण्याचेही प्रमाण आहे. पाणी न देणे जसे चूक, तसे शिक्षा म्हणून बाटल्यांवर बाटल्या प्यायला लावणेही चूक. तासाला साधारण दीड लिटरपेक्षा जास्त पाणी सतत पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरते आणि झटके येऊ शकतात.

प्रत्येक लष्करी केंद्रात एमआय रूम, म्हणजे वैद्यकीय तपासणीची खोली, असते आणि सकाळी ‘सिक रिपोर्ट’ला नाव देता येते. आजारपण लपवणे ही मर्दुमकी नव्हे. डॉक्टरने पीटी माफ केली असेल तर ती रद्द करण्याचा अधिकार उस्तादाला नसतो.

कायदा काय म्हणतो

लष्करात भरती होऊन नाव नोंदले गेले की रिक्रूट आर्मी अॅक्ट, 1950 खाली येतो. या कायद्याचा धाकच सगळ्यांना ठाऊक असतो, संरक्षण कमी जणांना. कलम 47 म्हणते, की कोणताही अधिकारी, जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) किंवा एनसीओ (नॉन-कमिशन्ड ऑफिसर) आपल्या हाताखालच्या माणसावर बळाचा गुन्हेगारी वापर करील किंवा त्याला वाईट वागवील, तर कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरल्यास त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हवालदाराने रिक्रूटला मारणे ही ‘घरातली बाब’ नसून कायद्याने गुन्हा आहे.

कलम 80 मध्ये कमांडिंग ऑफिसरने कोर्ट मार्शलशिवाय देण्याच्या छोट्या शिक्षांची यादी आहे. लष्करी कोठडी किंवा लाइनीत अटकाव, तोही 28 दिवसांपर्यंत, जादा गार्ड किंवा जादा ड्यूटी, कडक ताकीद, महिन्यात 14 दिवसांच्या पगारापर्यंत दंड. यादी बारकाईने वाचली तरी मारहाणीचा उल्लेख तिच्यात सापडत नाही.

हुकूम मोडण्याबाबतचे कलम 41 फार कडक आहे, पण तेही ‘कायदेशीर’ हुकुमाबद्दल बोलते. मात्र मैदानावर उभे राहून हुकूम कायदेशीर आहे की नाही यावर वाद घालणे रिक्रूटला परवडत नाही. उलट हात उगारणे तर मुळीच नाही. वरिष्ठावर हात टाकण्याचा गुन्हा कलम 40 मध्ये आहे आणि त्याची शिक्षा जबर आहे. अंग सांभाळावे, प्रसंग टळू द्यावा आणि मग तक्रारीची वाट धरावी.

ती वाट कलम 26 मध्ये आहे. आपल्यावर अन्याय झाला असे वाटणारा जवान आपल्या कंपनी कमांडरकडे तक्रार करू शकतो. तक्रार त्या अधिकाऱ्याविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडे. तक्रार ज्याच्याकडे आली त्याने शक्य तेवढी पूर्ण चौकशी करायची, असे कायद्याचे शब्द आहेत. प्रत्यक्षात याची सुरुवात प्लाटूनच्या जेसीओला ‘साहेबांचा इंटरव्यू पाहिजे’ असे सांगून होते. सैनिक संमेलनात, म्हणजे दरबारातही म्हणणे मांडता येते. यातून काही झाले नाही तर पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. पण आधीच्या पायऱ्या चढल्याशिवाय ते सहसा दार उघडत नाही.

एक सावधगिरी महत्त्वाची. जाणूनबुजून खोटी तक्रार करणे हाही कलम 56 खाली गुन्हा आहे. म्हणून तक्रारीत जेवढे स्वतः पाहिले, सोसले, तेवढेच लिहावे. तारीख, वेळ, जागा, नाव किंवा हुद्दा, हजर असलेले साथीदार आणि एमआय रूमची नोंद. विशेषणे गाळावीत.

एनडीएतल्या कॅडेटची स्थिती थोडी वेगळी. तो अजून अधिकारी झालेला नसतो. त्याच्यावर प्रबोधिनीचे स्वतःचे नियम चालतात. त्याची तक्रार डिव्हिजनल ऑफिसर, मग स्क्वॉड्रन कमांडर अशी वर जाते. पालक कमांडंटच्या नावे थेट पत्र लिहू शकतात. असे पत्र लिहिल्याने मुलाचे नाव खराब होईल ही भीती स्वाभाविक आहे, पण लेखी आणि मोजक्या शब्दांतले पत्र समाजमाध्यमांवरच्या चित्रफितीपेक्षा मुलाच्या जास्त कामी येते.

अकादमी निवडताना

खरी पोकळी सरकारी केंद्रांत नाही, त्यांच्या आधीच्या टप्प्यावर आहे. ‘डिफेन्स अकादमी’, ‘करिअर अकादमी’, ‘भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र’ अशा पाट्या आज तालुक्यातालुक्यात दिसतात. मैदान भाड्याचे, पत्र्याचे वसतिगृह, अंगात जंगली डिझाइनचा टीशर्ट आणि हातात शिट्टी. यांतल्या कित्येक जागी मन लावून शिकवणारे माजी सैनिक आहेत. पण वर्दीसारखे कपडे घातले म्हणून आर्मी अॅक्टचा अधिकार अंगात येत नाही. खासगी अकादमीतला ‘सर’ हा कायद्याच्या नजरेत साधा नागरिक. त्याने विद्यार्थ्याला मारले तर तो मारहाणीचा साधा गुन्हा, नोंदवायचा स्थानिक पोलिस ठाण्यात.

विद्यार्थी 18 वर्षांखालचा असेल तर बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 75 लागू होऊ शकते. मुलांचा सांभाळ ज्या संस्थेकडे सोपवला आहे, तिच्या माणसाने क्रूर वागणूक दिल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. वरच्या वर्गातली मुले त्रास देत असतील तर महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा, 1999 आहे. त्याच्या व्याख्येत महाविद्यालयांबरोबर वसतिगृहे आणि शिकवणीच्या संस्थाही येतात. दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय संस्थेतून हकालपट्टी आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने दुर्लक्ष केले तर त्यालाही गुन्ह्यात साथ दिल्याबद्दल जबाबदार धरता येते.

पैसे भरण्याआधी पालकांनी एक सकाळ तिथे जाऊन बसावे, आणि तेही न कळवता. मुले धावतात तेव्हा पाणी कुठे ठेवले आहे, प्रथमोपचाराची पेटी आहे का, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, हे बघावे. प्रशिक्षक माजी सैनिक असल्याचे सांगत असेल तर डिस्चार्ज बुक दाखवण्याची विनंती करावी. खरा माजी सैनिक ती आनंदाने दाखवतो. वसतिगृहात रात्री जबाबदार कोण असतो, मुलींसाठी वेगळी व्यवस्था आणि महिला वॉर्डन आहे का, फी परत मिळण्याचा नियम कागदावर आहे का, घरी फोन करायला आठवड्यातून किती वेळा मिळतो, हे विचारावे. ‘आमच्याकडे पालकांना आत सोडत नाही’ असे उत्तर आले तर तिथूनच मागे फिरावे. मूळ शैक्षणिक कागदपत्रे कुणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

खर्च झेपत नसेल तर सरकारी वाटा आहेत. अधिकारी होण्यासाठी मुलाखतीची तयारी करून घेणारे राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. तिथे प्रशिक्षणासह राहण्याजेवणाचा खर्च शासन करते आणि त्याची माहिती ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. दहावीनंतर एनडीएकडे वळणाऱ्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून चालू आहे आणि मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे.

मुलींच्या वाटेवर

सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर एनडीएची दारे मुलींना उघडली. पहिल्या तुकडीतल्या 17 जणी 30 मे 2025 रोजी खडकवासल्याच्या मैदानावरून दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. आता तालुक्याच्या अकादम्यांतही मुली दिसू लागल्या आहेत, आणि मैदानावर त्यांना दिली जाणारी वागणूक हा वेगळा विषय आहे.

मुलगी म्हणून तिला सवलत द्यावी असे कुणी म्हणत नाही. निकष सरकारने ठरवलेले आहेत. पण आसन दुरुस्त करण्याच्या निमित्ताने अंगाला हात लावणे, वजन-उंची सगळ्यांसमोर शेरे मारत मोजणे, पाळीत विश्रांती मागितली म्हणून टोमणे मारणे, रात्री-अपरात्री वैयक्तिक मेसेज पाठवणे, यांतले काहीही प्रशिक्षण नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान संस्थेबाबत तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुलगी किंवा मुलगा 18 खालचा असेल तर बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू होतो आणि पोलिसांत कळवणे हे माहिती असलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.

दुखापत कागदावर आणा

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून एक विषय हाती घेतला. एनडीए, इंडियन मिलिटरी अकादमी (आयएमए) यांसारख्या संस्थांत प्रशिक्षणादरम्यान जायबंदी होऊन 1985 पासून सुमारे 500 कॅडेट घरी परतले. कमिशन मिळण्याआधीच इजा झाल्यामुळे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळाला नाही आणि महिन्याला जास्तीत जास्त 40,000 रुपयांपर्यंतच्या सानुग्रह रकमेवर औषधोपचार भागवावा लागला. न्यायालयाने लक्ष घातल्यावर त्याच महिन्यात केंद्राने या कॅडेटांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेखाली उपचार देण्याचा निर्णय जाहीर केला.

अग्निवीरांसाठी नियम निराळे. सेवेमुळे अपंगत्व आल्यास 100, 75 आणि 50 टक्क्यांच्या टप्प्यांनुसार एकरकमी 44, 25 आणि 15 लाख रुपये देण्याची तरतूद योजनेत आहे. पण भरपाई अपंगत्वाचा सेवेशी संबंध सिद्ध होण्यावर ठरते आणि तो संबंध कागदच सिद्ध करतात.

म्हणून गुडघा दुखावला, पाठ भरली, उन्हाने चक्कर आली, तर त्याच दिवशी एमआय रूममध्ये नोंद व्हायला हवी. प्रत्येक वैद्यकीय कागदाची प्रत किंवा निदान तारीख मुलाने घरी कळवावी. घरात एक वही ठेवून त्याचे फोन, दुखापती, दवाखान्याच्या तारखा लिहून ठेवणे हे काम आई, वडील किंवा मोठी बहीण सहज करू शकते. खासगी अकादमीतही हाच नियम पाळावा, कारण तिथली लपवलेली दुखापत भरतीच्या वैद्यकीय तपासणीत उघडी पडते आणि सगळी मेहनत वाया जाते.

मनाच्या दुखापतीची नोंद डॉक्टरकडे आपोआप होत नाही. बोलका मुलगा फोनवर दोन शब्दांत उरकू लागला, झोप उडाली, ‘माझं काही खरं नाही’ अशी भाषा बोलू लागला तर पालकांनी ती थट्टेवारी नेऊ नये. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते. प्रशिक्षण केंद्राच्या अधिकाऱ्यांनाही त्याच दिवशी कळवावे.

वळमध्ये किंवा तालुक्यातल्या कुठल्याही गावात ज्यांचा मुलगा, मुलगी, भाचा किंवा शेजारचे पोर सध्या एखाद्या अकादमीच्या वसतिगृहात आहे, त्यांनी येत्या रविवारी तिथे जाऊन यावे. त्याच्याशी एकट्याने बोलावे, वरचे पाच प्रश्न त्याला वाचून दाखवावेत आणि दोन क्रमांक त्याच्याकडून तोंडपाठ करून घ्यावेत: मुलांसाठी 1098 आणि तातडीच्या मदतीसाठी 112.